तीन शब्दांची प्रार्थना अपुरी नसते

आपल्या प्रार्थनासभांमध्ये एक समज कोणी न शिकवता रुजला आहे: ज्याची प्रार्थना लांब, त्याचं देवाशी नातं जवळचं. ‘हे परमपवित्र, दयासागर, स्वर्गीय पित्या’ इथून निघालेली प्रार्थना उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून शेवटच्यापर्यंत, फिरून आली की लोक बाहेर पडताना म्हणतात, ‘काय प्रार्थना करतात हो!’ आणि मागच्या रांगेतल्या एखाद्या बाईने नुसतं ‘प्रभू, माझ्या मुलाला सांभाळ, आमेन’ म्हटलं, तर त्याची दखलही कोणी घेत नाही. या समजामुळे ख्रिस्ती मंडळीचं, म्हणजे चर्चचं, मोठं नुकसान होतं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. घाईत, भीतीत, धाप लागलेली असताना केलेली दोन-तीन शब्दांची प्रार्थना ही प्रार्थनेची खालची पायरी मुळीच नाही. पवित्र शास्त्रात ती ठायी ठायी भेटते, आणि जिथे भेटते तिथे देव तिला पुरी प्रार्थना मानतो. ती मंडळीने शिकवायला हवी आणि उपासनेत तिला जागा द्यायला हवी.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायातला येशूचा शिष्य पेत्र घ्या. रात्रीचा चौथा प्रहर, वारा समोरचा, नाव लाटांनी हेलकावते आहे. पाण्यावरून चालत येणाऱ्या येशूकडे जायला पेत्र नावेतून उतरून पाण्यावर चालू लागतो, वारा पाहून घाबरतो आणि बुडू लागतो. तोंडून एवढंच निघतं: ‘प्रभूजी, मला वाचवा.’ मूळ ग्रीकमध्येही हे तीनच शब्द आहेत. पेत्र काही पाण्याला नवखा नव्हता. याच सरोवरावर त्याने जाळी टाकली होती. पुढे योहानाच्या शुभवर्तमानात तीरावर प्रभू उभा आहे असं कळताच हाच पेत्र समुद्रात उडी टाकतो. तरी त्या रात्री आपल्या कसबाचा एक शब्दही त्याच्या ओठांवर आला नाही. हाक कोणाला मारायची, काय मागायचं आणि ते आपल्या हातून होणार नाही याची कबुली, हे सगळं त्या तीन शब्दांत आलं. अर्ध्या तासाच्या प्रार्थनेत शब्द पुष्कळ असतील, पण तिलाही याहून वेगळं काही म्हणायचं नसतं.

त्याच प्रसंगातला पुढचा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. येशूने ‘तत्क्षणी’ हात पुढे करून पेत्राला धरलं आणि त्यानंतर म्हटलं, ‘अरे अल्पविश्वासी, तू संशय का धरलास?’ हात आधी आला, प्रश्न नंतर. आपल्याकडे पुष्कळदा हे उलटं होतं. घर मोडायला आलं, नोकरी गेली, मूल व्यसनात सापडलं, की वर्षानुवर्षं मंडळीत न फिरकलेला माणूस येतो आणि म्हणतो, ‘माझ्यासाठी प्रार्थना करा.’ आपण हात देण्याआधी मनात हिशेब मांडतो की हा इतके दिवस होता कुठे.

संकटातच देव आठवतो, ही तक्रार धार्मिक माणसांच्या तोंडी नेहमी असते. पण खुद्द देवाची ती तक्रार दिसत नाही. 50व्या स्तोत्रात तो स्वतः सांगतो, ‘संकटसमयी माझा धावा कर, मी तुला मुक्त करीन आणि तू माझा गौरव करशील.’ ही आज्ञा आहे, आणि तिच्यात संकट आधी, गौरव नंतर असाच क्रम लावलेला आहे. 107व्या स्तोत्रात वाळवंटात भटकलेले, बेड्या पडलेले, आपल्याच मूर्खपणामुळे आजारी पडलेले आणि वादळात सापडलेले खलाशी, अशी चार प्रकारची माणसं येतात. चारही वेळा तेच धृपद ऐकू येतं: त्यांनी संकटात परमेश्वराचा धावा केला आणि त्याने त्यांना सोडवलं. यांतल्या दोघांवर संकट त्यांच्याच करणीने आलं होतं, हे स्तोत्रकर्ता लपवत नाही. तरीही त्यांचा धावा आधी ऐकला जातो. लूकाच्या 17व्या अध्यायातल्या दहा कुष्ठरोग्यांनी दुरूनच आरोळी मारली, ‘अहो येशू, गुरुजी, आमच्यावर दया करा.’ शुद्ध दहाही झाले, आभार मानायला परतला एकच. येशूने बाकीच्या नऊ जणांबद्दल विचारलं जरूर, पण त्यांचं बरं होणं परत घेतलं नाही.

शुभवर्तमानांत येशूकडे आलेल्या माणसांच्या विनंत्या एकापाठोपाठ वाचून पाहा. कनानी बाई म्हणते, ‘प्रभूजी, मला साहाय्य करा.’ वधस्तंभावरचा गुन्हेगार फक्त आपली आठवण ठेवा म्हणतो. झटके येणाऱ्या मुलाचा बाप ओरडतो, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ या शेवटच्या वाक्यापाशी मी नेहमी थांबतो. विश्वास आणि अविश्वास एकाच दमात देवापुढे ठेवायची हिंमत आपल्या तयार प्रार्थनांत नसते. तिथे सगळं आधीच नीटनेटकं करून घेतलेलं असतं. या बापाला नीटनेटकं करायला वेळच नव्हता, म्हणून जे मनात होतं तेच बाहेर आलं. जुन्या करारातही तेच दिसतं. बहीण मिर्याम हिला कोड फुटलं तेव्हा मोशेने केलेली विनवणी हिब्रूत अवघ्या पाच शब्दांची आहे: ‘हे देवा, हिला बरी कर’ एवढाच तिचा अर्थ. सीनाय डोंगरावर चाळीस दिवस देवासमोर राहिलेला हा माणूस. त्याला शब्दांची टंचाई नव्हती.

आणि लूकाच्या 18व्या अध्यायातल्या येशूच्या दाखल्यातला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा धर्मनिष्ठ? त्याची प्रार्थना तशी फार लांब नाही. आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दहावा भाग, आपण इतरांसारखे नाही याबद्दल आभार. तिच्यात खटकणारी गोष्ट अशी की तो काहीच मागत नाही. त्याला देवाकडून काही नकोच आहे. त्याच दाखल्यातला जकातदार, म्हणजे लोक ज्याला पापी समजत तो कर गोळा करणारा, दूर उभा राहतो, वर पाहत नाही, ऊर बडवत म्हणतो, ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर.’ नीतिमान ठरून घरी जातो तो हाच.

आता बार्तीमयाकडे येतो, कारण मंडळीच्या दृष्टीने खरा प्रश्न तिथे आहे. यरीहोच्या वाटेवर हा आंधळा भिकारी ओरडू लागला, ‘अहो येशू, दाविदाचे पुत्र, माझ्यावर दया करा,’ तेव्हा त्याला गप्प राहायला सांगणारे लोक येशूच्या मागून चालणारेच होते. त्यांना ती हाक गैरसोयीची वाटली. आज कोणी कोणाला उघडपणे गप्प बसवत नाही. त्याची गरजच पडत नाही. सभेत जी भाषा आणि जी लांबी रूढ असते, तीच पुष्कळांना गप्प करते. नव्याने विश्वासात आलेला तरुण, अडखळत बोलणारा माणूस, फारसं न शिकलेली आजी, नुकताच नवरा गेलेली आणि गळा दाटून आल्याने एका वाक्यापुढे जाऊ न शकणारी बाई, हे सगळे मनात म्हणतात, ‘आपल्याला काही प्रार्थना येत नाही.’ वर्षानुवर्षं तीच पाच-सहा माणसं मोठ्याने प्रार्थना करत राहतात आणि बाकीची मंडळी डोळे मिटून ऐकत बसते. ज्यांच्याकडे मागायला सर्वांत जास्त आहे, त्यांचाच आवाज तिथे ऐकू येत नाही. येशूने मात्र थांबून त्या भिकाऱ्याला बोलावून घेतलं आणि विचारलं, ‘मी तुझ्यासाठी काय करावं म्हणून तुझी इच्छा आहे?’ उत्तर पुन्हा एका वाक्याचं: मला दृष्टी यावी.

कोणी म्हणेल, हा आजच्या धावपळीच्या जगाला साजेसा सोयीस्कर विचार आहे. तसं नाही. छोट्या प्रार्थना सर्वांत जास्त कोणी जपल्या असतील तर ज्यांच्यापाशी वेळच वेळ होता त्या इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्व्यांनी. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने इ.स. 412च्या सुमारास प्रोबा नावाच्या रोमन विधवेला प्रार्थनेविषयी एक लांब पत्र लिहिलं. रोम लुटलं गेल्यावर ती आफ्रिकेत आश्रयाला आली होती. संकट काय असतं हे तिला सांगायची गरज नव्हती. त्या पत्रात तो लिहितो की इजिप्तमधले बंधू वारंवार, पण अगदी थोडक्या प्रार्थना करतात. भाला फेकावा तशा त्या झटकन सोडलेल्या असतात. कारणही तो देतो: प्रार्थना लांबत गेली की चित्ताची धार बोथट होते. चौथ्या शतकातल्या मकारियस या तपस्व्याला कोणी विचारलं, प्रार्थना कशी करावी? तो म्हणाला, फार बोलायची गरज नाही. हात पसरून म्हणावं, प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे आणि तुला ठाऊक आहे त्याप्रमाणे दया कर. आणि झगडा फारच तीव्र झाला तर नुसतं ‘प्रभू, साहाय्य कर.’

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन कॅशियन या मठवासी लेखकाने या तपस्व्यांशी झालेले संवाद लिहून काढले. त्यांत अब्बा (म्हणजे पिता) इसहाक हा तपस्वी एकच वचन सतत ओठांवर ठेवायला सांगतो, 70व्या स्तोत्राचं पहिलं: ‘हे देवा, मला मुक्त करण्यास, हे परमेश्वरा, मला साहाय्य करण्यास त्वरा कर.’ हे वचन कधी म्हणायचं याची तो देत असलेली उदाहरणं वाचली की दीड हजार वर्षांचं अंतर राहतच नाही. अवेळी खावंसं वाटलं तर, वाचता वाचता डोळे मिटू लागले तर, रात्री झोप येईना तर, राग चढला तर, आणि सगळं छान चाललं असताना गर्व वाटू लागला तरीही हेच. सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या मठासाठी नियम लिहिला, त्यातही प्रार्थना थोडक्यात आणि निर्मळ असावी, देवाच्या कृपेने प्रेरणा झाली तरच लांबावी, असं सांगितलं आहे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत तर ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही प्रार्थना शतकानुशतकं श्वासाबरोबर म्हटली जाते. बार्तीमयाची हाक आणि जकातदाराची विनवणी तिच्यात एकत्र आल्या आहेत.

इथे एक गंभीर आक्षेप राहतो आणि तो मला पूर्ण मान्य आहे. छोट्या प्रार्थनेचं महत्त्व सांगू लागलं की ती आळसाची पळवाट होते. गाडी सुरू करताना ‘प्रभू सोबत राहा’, जेवताना ‘आभारी आहोत, आमेन’, निजताना तेवढंही नाही, आणि यालाच प्रार्थनामय जीवन म्हणायचं. याला उत्तर नहेम्याच्या पुस्तकात आहे, आणि ते इतकं बारकाव्याचं आहे की त्यावर थोडं रेंगाळायला हवं.

इ.स.पू. 445च्या सुमाराची गोष्ट. नहेम्या हा यहुदी शूशन राजवाड्यात पारसाचा राजा अर्तहशश्त याचा प्यालेबरदार आहे. यरुशलेमेचा कोट पडला आहे, वेशी जळाल्या आहेत, ही बातमी त्याला किसलेव महिन्यात मिळते. तो बसून रडतो, उपास करतो, कित्येक दिवस प्रार्थना करतो. ती प्रार्थना पहिल्या अध्यायात सविस्तर दिलेली आहे. मग नीसान महिना येतो, म्हणजे मध्ये जवळपास चार महिने गेलेले असतात. एक दिवस तो राजाला द्राक्षारस देत असताना राजा विचारतो, तुझा चेहरा का उतरला? नहेम्या लिहितो, ‘मी फार घाबरलो.’ तो कारण सांगतो आणि राजा थेट विचारतो: मग तुझं मागणं काय आहे? राजा उत्तराची वाट पाहतो आहे, राणी शेजारी बसली आहे. डोळे मिटायला, गुडघे टेकायला, एक पूर्ण वाक्य जुळवायलाही सवड नाही. तिथे नहेम्या लिहितो: तेव्हा मी स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि राजाला म्हणालो. प्रार्थना आणि राजाला दिलेलं उत्तर यांच्यामध्ये फार तर एक श्वास. त्या प्रार्थनेचे शब्द त्याने लिहूनही ठेवलेले नाहीत. कदाचित शब्द नव्हतेच.

ही क्षणभराची प्रार्थना त्या चार महिन्यांवर उभी होती. राजाने विचारताच नहेम्याने यरुशलेमेला जाऊन कोट पुन्हा बांधायला किती मुदत हवी, कोणाच्या नावाने पत्रं हवीत, लाकूड कोणत्या कामांसाठी हवं, हे सगळं लगेच सांगितलं, कारण देवापुढे तो हेच किती दिवस घोळवत होता. वधस्तंभावरही असंच दिसतं. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे 22व्या स्तोत्राचे आरंभीचे शब्द आहेत. ‘तुझ्या हाती माझा आत्मा सोपवतो’ हे 31व्या स्तोत्रातून आलेलं आहे. श्वास घेणंही यातना झालेली असताना येशूच्या ओठांवर आली ती मुरलेली स्तोत्रं. भयाच्या क्षणी माणूस नवी वाक्यं रचत नाही. आत साठलेलं वर येतं. आत काही साठवलेलंच नसेल तर वर काय येणार? म्हणून मी लांब प्रार्थनेविरुद्ध बोलत नाही. येशूने डोंगरावर रात्र रात्र प्रार्थनेत घालवली. एकांतातली दीर्घ प्रार्थना आणि गर्दीतली क्षणभराची हाक यांपैकी एक निवडायची नाही. दुसरी पहिलीच्या पोटातून येते, आणि कित्येकांच्या बाबतीत दुसरीमुळेच पहिलीची ओढ लागते.

शिवाय, थोडक्यात असणं हा स्वतःहून काही गुण नाही. कर्मेल डोंगरावर बआल या दैवताच्या संदेष्ट्यांचं मागणं किती छोटं होतं: ‘हे बआला, आमचं ऐक.’ सकाळपासून दुपारपर्यंत तेच. त्यांच्यासमोर उभा असलेला परमेश्वराचा संदेष्टा एलीया याची प्रार्थनाही मोजकीच, दोन वचनांत संपणारी. फरक लांबीत नव्हता. त्यांना आपल्या ओरडण्याने दैवताला जागं करायचं होतं. एलीया अशा देवाशी बोलत होता जो आधीपासून ऐकतच होता. ‘प्रभू, दया कर’ हे शब्दही मंत्रासारखे, देवाला बांधून घेण्यासाठी म्हटले तर ते त्या संदेष्ट्यांच्या रांगेत जाऊन बसतात. धरला जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशूने तेच शब्द पुन्हा म्हणत तीनदा प्रार्थना केली, आणि दुःखाचा प्याला टळला नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर मिळालं. तातडीच्या प्रार्थनेला तातडीचं, हवं तसं उत्तर मिळतंच असं कोणी साक्ष देताना सांगत असेल, तर ज्यांची मुलं प्रार्थना करूनही गेली त्या आईबापांवर तो अन्याय करतो. पेत्राला हात मिळाला हे खरं. पण त्याने हाक मारली ती हात मिळण्याची खात्री होती म्हणून मारली नव्हती. हाक मारण्यासारखं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मारली.

या सगळ्याची खरी कसोटी आजाऱ्याच्या खाटेपाशी लागते. ऑक्सिजनचा मास्क लावलेला माणूस, भोवती चार-पाच जण, आणि प्रार्थना चाललेली असते: जगाच्या निर्मितीबद्दल आभार, राष्ट्राच्या नेत्यांसाठी विनंती, डॉक्टर-परिचारिकांसाठी, मंडळीच्या कार्यासाठी. रुग्णाला तहान लागलेली असते, पाठ दुखत असते, पण प्रार्थना चालू असताना बोलायचं कसं म्हणून तो पडून राहतो. हेतूबद्दल मला शंका नाही. घरभेटीला येणारी ही माणसं प्रेमानेच येतात. पण बार्तीमयाला येशूने विचारला तो प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. ‘काय मागू तुमच्यासाठी?’ असं विचारून थांबलं, तर उत्तर बहुधा अगदी साधं येतं: आज रात्री झोप लागू दे. मग हात हातात घेऊन म्हणावं, ‘प्रभू, यांना आज रात्री झोप दे. आमेन.’ रुग्ण ते ऐकू शकतो, त्यात मनाने सामील होऊ शकतो, मध्यरात्री जाग आली तर स्वतः म्हणू शकतो. लांब प्रार्थनेचा त्याला यातला कोणताच उपयोग नसतो. आणि जो आता शब्दही उच्चारू शकत नाही, त्याच्यासाठी रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायातलं आश्वासन आहे की आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने मध्यस्थी करतो. एक उसासाही देवापर्यंत पोहोचतो, हे त्या माणसाला कोणीतरी आधी, बरा असताना, सांगून ठेवायला हवं.

म्हणूनच माझी मागणी अगदी व्यवहारातली आहे. संडे स्कूलमध्ये मुलांना 23व्या स्तोत्राबरोबर एका श्वासात म्हणता येतील अशी चार-पाच वचनंही पाठ करून द्यावीत: 70व्या स्तोत्राचं पहिलं, जकातदाराचं, पेत्राचं, त्या मुलाच्या बापाचं. ती कुठे म्हणायची हेही सांगावं: परीक्षेच्या वर्गात, भांडण हातघाईवर आल्यावर, अंधारात भीती वाटल्यावर. मोठ्यांना आईबापांची सेवा करताना, नोकरीच्या ठिकाणी खोटं बोलायचा दबाव आल्यावर, फोनवर वाईट बातमी ऐकता ऐकता. पाळकांनी व्यासपीठावरून अधूनमधून सांगावं की एका वाक्याची प्रार्थना पुरी असते, आणि ते सांगून झाल्यावर स्वतः एका वाक्याची प्रार्थना करून खाली बसावं; लोक सांगण्यापेक्षा पाहण्यातून लवकर शिकतात.

प्रार्थनासभेची सुरुवातीची दहा मिनिटं केवळ एका वाक्याच्या प्रार्थनांसाठी ठेवावीत. जे नेहमी प्रार्थना करतात त्यांनी त्या दहा मिनिटांत गप्प राहावं. मध्ये शांतता पडली तर ती पडू द्यावी, गाणं सुरू करून भरू नये. पहिल्यांदा तोंड उघडणाऱ्याला तेवढा अवधी लागतो. कोणी ‘प्रभू, मला माफ कर’ म्हणून थांबलं, कोणी फक्त मुलीचं नाव घेतलं, तर सगळ्यांनी त्याला आमेन म्हणावं. त्यानंतर ज्याला सविस्तर प्रार्थना करायची त्याने ती अवश्य करावी. कोणासाठी काय मागायचं, हे तोवर त्याला आणि सगळ्या सभेला कळलेलं असेल.